दहा वर्षं टांगलेलं, दहा सेकंद चालणारं

रिहे खोऱ्यातल्या जुन्या शेतकऱ्याला आगीविषयी काही सांगायला जावं, तर तोच आपल्याला चार गोष्टी ऐकवील. भाताचं बी टाकण्याआधी राब भाजायचा असतो. खाली शेण, त्यावर झाडांचा तोडलेला कवळ, पालापाचोळा, थोडा पेंढा आणि सगळ्यावर बारीक मातीचा हात. वारा पडला की पेटवायचं. वर माती असल्यामुळे हवा बेतानंच मिळते, जाळ उसळत नाही आणि धुमसत धुमसत जमीन भाजून निघते. आगीला हवा किती द्यायची हे ज्याला सवयीनं कळतं, त्याला आगीचं शास्त्र वेगळं शिकवायला नको. त्याच्याच मुलानं मात्र आता रस्त्याकडेच्या जमिनीत पत्र्याची शेड उभारून भाड्यानं दिलेली असते आणि तिच्या दाराशी एक लाल नळकांडं टांगलेलं असतं. ते कधी आणलं, आत काय भरलंय, कुठल्या आगीवर चालतं आणि कुठल्या आगीवर अंगाशी येतं, हे शेडमधल्या कोणालाच नीट सांगता येत नाही. हे पुस्तक त्या नळकांड्याविषयी, म्हणजे हातात धरून चालवायच्या साध्या अग्निशामकाविषयी आहे.

उदाहरणं रिह्याची घेतली, त्याला कारण आहे. अग्निशामकांवर जे काही लिहिलं जातं, ते उंच इमारती, मॉल आणि मोठे कारखाने डोळ्यांपुढे ठेवून. तिथं पाण्याची राखीव टाकी असते, पंप असतो, पगारी सुरक्षा अधिकारी असतो. मुळशी तालुक्यातलं गाव या चित्रात कुठं बसत नाही. इथं एकाच शिवारात भातखाचरं, गोठा, पेंढ्याची गंजी, शहरातल्या लोकांची फार्महाऊसं, वेल्डिंगचं दुकान आणि कसल्याशा पॅकिंगचं काम चालणारी शेड अशी सगळी सरमिसळ आहे. बंब यायचा तर वाटा दोनच. एक हिंजवडी-माणच्या बाजूची, जिथं संध्याकाळी दुचाकीसुद्धा सरकत नाही. दुसरी चांदणी चौकातून भूगाव, पिरंगुट करत घोटवडे फाट्याला वळणारी. आग लागली की आधी १०१ ला फोन करायचा, यात दुमत नाही. पण फोन ठेवल्यापासून बंबाची घंटा ऐकू येईपर्यंतचा वेळ गावालाच निभावून न्यावा लागतो. आगीच्या वाढीचा हिशेब करताना अभियंते एक साधा ठोकताळा वापरतात: वेळ दुप्पट, तर आगीचा जोर चौपट. एका मिनिटाला जी आग एका माणसाच्या आवाक्यात असते, ती चौथ्या मिनिटाला सोळा पट झालेली असते. हातातला अग्निशामक त्या पहिल्या मिनिटासाठी केलेला आहे. त्यानंतर त्याच्याकडून काही मागू नये.

यंत्र म्हणून तो फारच सोपा आहे. आत काय भरलंय, ते बाहेर कोण ढकलतं आणि वाट कोण मोकळी करतं, एवढ्या तीन प्रश्नांत सगळं आलं. अवघड आहे ती त्याला घातलेली अट. शेतावरची मोटर रोज चालते, बिघडायला लागली की आवाज बदलतो आणि माणूस वायरमनला बोलावतो. अग्निशामकानं मात्र वर्षानुवर्षं काहीही न करता भिंतीवर राहायचं आणि मग एका दिवशी, ज्यानं त्याला आजवर हात लावलेला नाही अशा घाबरलेल्या माणसाच्या हातात, दहा-पंधरा सेकंद अचूक चालायचं. तो बिघडलेला आहे हे कळायची वेळही नेमकी तीच. त्याचा एकेक भाग असा का आहे, हे या अटीपासून सुरुवात केली तरच उलगडतं. माझ्या मते अग्निशामकाच्या रचनेत रसायनापेक्षा हा निवांतपणाचा आणि भीतीचा विचार मोठा आहे. माहितीपत्रकांत मात्र नेमका तोच सापडत नाही.

सहा किलोचा एबीसी पावडरचा अग्निशामक घेऊ, कारण शेडमध्ये, दुकानात, शाळेत बहुधा हाच दिसतो. भरलेला उचलला तर वजन नऊ किलोच्या आसपास भरतं. पोलादी पत्र्याचं गोल भांडं, वर पितळी व्हॉल्व्ह आणि व्हॉल्व्हला खालून जोडलेली, जवळजवळ तळाला टेकणारी एक नळी. आत पिठासारखी बारीक, फिकट पिवळी पावडर. तिच्यावरच्या रिकाम्या जागेत सुमारे १५ बार दाबानं कोंबलेला नायट्रोजन, म्हणजे मोटारीच्या चाकात हवा असते त्याच्या सहा-सात पट दाब. मूठ दाबली की व्हॉल्व्हचा दांडा खाली सरकतो आणि वाट मोकळी होते. नायट्रोजन वर असल्यानं तो पावडरीला खाली रेटतो. तिला निसटायला जागा एकच, तळाच्या नळीतून वर आणि होजमधून बाहेर. म्हणून नळकांडं उभंच धरायचं. आडवं किंवा उलटं केलं की नळीचं तोंड पावडरीबाहेर येतं, नुसता वायू फुसकन निघून जातो आणि पावडर आतच राहते.

नायट्रोजनच का, कंप्रेसरची हवा का नको, असं विचारणारे भेटतात. कंप्रेसरच्या हवेत ओल असते आणि मुळशीच्या पावसाळ्यात ती किती असेल हे सांगायला नको. पावडरीच्या कणांवर ओल लागू नये म्हणून सिलिकॉनचा पातळ लेप दिलेला असतो, तरी ओल्या हवेपुढं तो फार दिवस टिकत नाही. पावडरीचे खडे बनतात आणि खडे नळीत अडकतात. कोरडा नायट्रोजन हा काही आग विझवण्यासाठी नाही. पावडर इतकी वर्षं भुसभुशीत राहावी, एवढ्यासाठीच त्याची निवड झालेली आहे.

आता मुठी पाहू. त्या दोन असतात. खालची पक्की, उचलून न्यायची. वरची हलती, दाबायची. दोघींच्या आरपार एक पिन आणि पिनेला प्लास्टिकचं बारीक सील, जोरानं ओढलं की तुटणारं. घाबरलेला माणूस पहिल्यांदा काय करतो, तर एका हातानं दोन्ही मुठी आवळतो आणि दुसऱ्या हातानं पिन ओढतो. आवळल्यामुळे पिन भोकात चिमटली जाते आणि निघत नाही. पिन निघत नाही म्हणून माणूस आणखी घाबरतो, आणखी आवळतो. पिन ओढताना फक्त खालची मूठ धरावी, किंवा नळकांडं सरळ जमिनीवर ठेवून पिन काढावी, म्हणजे ती सहज येते. ही एक गोष्ट हाताला ठाऊक असेल तर निम्मं काम झालं. ती वाचून हाताला कळत नाही, जुना रिकामा अग्निशामक घेऊन दोन-चारदा करूनच कळते.

व्हॉल्व्हच्या बाजूला रुपयाएवढा दाबमापक असतो. काटा हिरव्या पट्ट्यात दिसला की मालकाचं समाधान होतं. पण काटा बोलतो तो फक्त वायूविषयी. आतली पावडर खाली बसून दगड झाली असेल, होजच्या तोंडात कुंभारमाशीनं मातीचं घर केलं असेल, तर काट्याला त्याचा पत्ता नसतो. कुंभारमाशीची गोष्ट शहरातल्या माणसाला गंमत वाटेल. गावाकडच्या शेडमध्ये कुठल्याही उघड्या नळीची पहिली गिऱ्हाईक तीच असते. म्हणून अधूनमधून नळकांडं खाली काढायचं, होजचं तोंड उजेडाकडे धरून बघायचं, मग नळकांडं हळूच पालथं करून आतली पावडर सरकल्याचं हाताला जाणवतं का ते पाहायचं. आणखी एक खोड सर्रास दिसते. ‘चालतंय का बघू’ म्हणून एकदा किंचित दाबायचं, पांढुरका ढग उडाला की खूश होऊन पुन्हा टांगायचं. त्या एका दाबण्यानं पावडरीचे कण व्हॉल्व्हच्या बैठकीत शिरतात, व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि दाब हळूहळू उतरून जातो. या जातीचा अग्निशामक एकदा दाबला की तो वापरला गेला, मग पावडर आत कितीही उरलेली असो. तो भरून आणायलाच हवा.

हे सगळं एका दिवसात सुचलेलं नाही. १८२८ च्या फेब्रुवारीत शनिवारवाडा पेटला आणि कित्येक दिवस जळत राहिला. तोवर इंग्लंडात कॅप्टन जॉर्ज मॅन्बीनं दाबाच्या हवेवर चालणारं नळकांडं बनवून दाखवलेलं होतं. हा मॅन्बी मूळचा बुडत्या जहाजावरच्या लोकांना वाचवण्यासाठी तोफेतून दोर फेकण्याची युक्ती काढणारा. एडिंबरामध्ये त्यानं एक आग पाहिली, जिथं वरच्या मजल्यांपर्यंत पाणी पोचेना, आणि त्याच्या डोक्यात आलं की आग लहान असतानाच एका माणसाला उचलून नेता येईल असं काही हवं. तांब्याचं भांडं, त्यात तीन गॅलन म्हणजे साडेतेरा लिटर पोटॅशियम कार्बोनेटचं पाणी आणि वर दाबलेली हवा. आजच्या नळकांड्याचा सांगाडा तोच आहे. त्याची अडचण अशी, की त्या काळच्या सांध्यांत आणि चामड्याच्या वॉशरांत दाब महिनोन् महिने टिकवणं सोपं नव्हतं. टांगून ठेवणं जमेना.

म्हणून पुढं लोकांनी वेगळी वाट काढली: दाब आधी भरायचाच नाही, गरज पडेल तेव्हा आतच तयार करायचा. सोडा-ॲसिडचा अग्निशामक तो हाच, १८६० च्या दशकात फ्रान्समध्ये कार्लियेनं पेटंट घेतलेला. पुढं रूढ झालेल्या त्याच्या रूपात भांड्यात खाण्याच्या सोड्याचं पाणी, गळ्यापाशी सल्फ्युरिक ॲसिडची काचेची बाटली. वरची गुंडी आपटली किंवा नळकांडं उलटं केलं, की ॲसिड सोड्यात मिसळतं, कार्बन डायऑक्साइड फसफसतो आणि त्याच्या जोरानं पाणी उडतं. आपल्याकडे सरकारी कचेऱ्या, सिनेमा थिएटरं, गिरण्या यांच्या भिंतींवर ही नऊ लिटरची नळकांडी अनेक वर्षं होती. त्यांच्या शेजारी लाल बादल्या टांगलेल्या असत, वाळूच्या किंवा पाण्याच्या. त्या बादल्यांचा तळ गोल असे आणि तळालाही एक कडी असे. कडी पाणी नेमकं फेकता यावं म्हणून. तळ गोल अशासाठी, की बादली जमिनीवर ठेवली तर लवंडावी आणि कोणी ती फरशी पुसायला नेऊ नये. माणसाचा स्वभाव ओळखून केलेली इतकी हुशार वस्तू अग्निशमनात मला दुसरी दिसत नाही. सोडा-ॲसिडचं मात्र जमलं नाही. एकदा सुरू झालं की थांबवता येत नसे, ॲसिड आतला पत्रा खात असे आणि गंजलेलं भांडं नेमकं वापराच्या वेळी फुटण्याची भीती असे. आता ते मानकांतून बाद झालं आहे.

त्याहून वाईट वळण पायरिनचं. १९१० च्या सुमाराला अमेरिकेत आलेला हा पितळी हातपंप दिसायला देखणा, मोटारीत सहज मावणारा. आत कार्बन टेट्राक्लोराइड. आग झटकन विझे. पण तापलेल्या धातूवर ते पडलं की फॉस्जीन तयार होई, म्हणजे पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरलेला वायू. बंद खोलीत आग विझायची आणि विझवणारा गुदमरायचा. हेलॉन या आग विझवणाऱ्या वायूची गोष्ट त्यामानानं सौम्य. ते माणसाला फारसं बाधत नसे, ओझोनच्या थराला बाधे. १९८७ च्या माँट्रियल करारानं त्याच्या उत्पादनावर पडदा पाडला. जुने पायरिनचे पंप आता हौशी लोक पॉलिश करून दिवाणखान्यात ठेवतात. ठेवावेत, पण रिकामे आहेत याची खात्री करून.

आतल्या मालाकडे वळलं, की अक्षरांचा घोळ सुरू होतो. आपल्या आयएस १५६८३ या मानकानुसार ए म्हणजे लाकूड, कापड, कागद, पेंढा. बी म्हणजे पेट्रोल, डिझेल, थिनर, रंग. सी म्हणजे जळणारा वायू, डी म्हणजे मॅग्नेशियमसारखे धातू आणि एफ म्हणजे तळणीचं तेल. विजेला आपल्याकडे अक्षर नाही, कारण वीज स्वतः जळत नाही, तिच्यामुळे दुसरं काही जळतं. अमेरिकेत मात्र सी म्हणजे विजेची आग आणि स्वयंपाकघराला के. मोबाइलवर अमेरिकी व्हिडिओ पाहून खरेदी करणाऱ्यानं एवढं ध्यानात ठेवलं तर पुरे.

एबीसी पावडर म्हणजे मुख्यतः मोनो अमोनियम फॉस्फेट. बाजारात ‘एमएपी ५०’, ‘एमएपी ९०’ असे आकडे ऐकू येतात, ते पावडरीत या फॉस्फेटचं प्रमाण किती टक्के ते सांगतात. ज्वाळेत शिरलेले पावडरीचे कण जळण्याची साखळीच तोडतात, म्हणून जाळ डोळ्यांदेखत नाहीसा होतो. शिवाय साधारण १९० अंशांना हे फॉस्फेट वितळून लाकडावर, कापडावर काचेसारखा थर धरतं आणि खालच्या निखाऱ्याची हवा तोडतं. इतकं सगळं करणारी पावडर सगळीकडे चालावी असं वाटतं. स्वयंपाकघरात ती नडते. तळणीच्या तेलाची आग विझवायची एक जुनी युक्ती म्हणजे तेलाचा साबण करणं. खाण्याचा सोडा, किंवा त्याहून चांगलं पोटॅशियमच्या क्षारांचं द्रावण, कढत तेलावर पडलं की साबणाचा फेस धरतो आणि तेल पुन्हा पेट घेत नाही. एमएपी आम्लधर्मी असल्यामुळे तो साबण होऊ देत नाही. जाळ जातो, तेल तापलेलंच राहतं आणि मिनिटाभरात पुन्हा भडकतं. पाण्याचं तर नाव काढू नये. तेलाखाली गेलेल्या पाण्याची वाफ होताना ते सतराशे पट फुगतं आणि पेटतं तेल छताला नेतं. घरच्या कढईला सगळ्यात चांगला अग्निशामक म्हणजे तिच्यापेक्षा मोठं झाकण. गॅस बंद करून ते कडेनं सरकवत ठेवायचं आणि तेल निवेपर्यंत उघडायचं नाही. लग्नाकार्यात आचाऱ्याच्या भट्टीजवळ असं एक झाकण भिंतीला टेकवून ठेवलेलं असावं.

गॅसच्या सिलिंडरच्या तोंडाशीच जाळ लागला, तर तो विझवण्याची घाई करू नये. आधी रेग्युलेटर बंद करता येतो का ते पाहावं. जळणारा गॅस दिसतो तरी. विझलेला पण गळत राहिलेला गॅस हवेपेक्षा जड असल्यानं जमिनीवरून पसरतो आणि देवघरातल्या समईपर्यंत पोचतो. मग जे होतं ते आगीपेक्षा वाईट असतं. आणि अग्निशामक ओट्याच्या वर टांगू नये, दाराजवळ टांगावा. आग ओट्यावर लागली तर वर टांगलेल्या अग्निशामकापर्यंत हात पोचणार कसा?

विजेच्या पॅनेलला, संगणकाला, सीएनसी मशीनला पावडर मारली तर आग विझेल, पण ती पावडर ओल धरून तांबं खाईल. तिथं कार्बन डायऑक्साइड बरा. हा सोपा नाही, उलट सगळ्यांत हट्टी. वीस अंशांना तो नळकांड्यात सुमारे ५७ बार दाबाखाली द्रवरूपात असतो. एकतीस अंशांच्या वर तो द्रव राहूच शकत नाही. वैशाखात पत्र्याच्या शेडमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा आतला दाब शंभर बारच्या वर जाऊ शकतो. म्हणून त्याचं भांडं जाड, जोड नसलेलं आणि चार-पाच किलो वायूसाठी पंधरा किलोंच्या घरातलं. त्याला दाबमापक नसतो. कमी झाला का हे वजन करूनच कळतं. वायूचं वजन दहा टक्क्यांनी घटलं की भरायला द्यायचं. सुटताना तो इतका गार होतो की त्याचा बर्फ होतो, उणे ७८ अंशांचा. त्याच्या काळ्या भोंग्याला उघड्या हातानं धरलं तर कातडी चिकटते. लहान बंद खोलीत तो फवारून लगेच बाहेर यावं, कारण तो आगीची हवा घेतो तशी आपलीही घेतो.

आता गंजी. रिह्यातली खरी आग बहुतेकदा हीच, आणि इथं विकतचा अग्निशामक फारसा कामाचा नाही. नऊ लिटर पाणी पूर्ण वाफ होईपर्यंत जेवढी उष्णता पितं, तेवढी दीडेक किलो पेंढा जळला की तयार होते. एका गंजीत पेंढा किती असतो ते वाचकाला माहीत आहे. पावडरीनं वरचा जाळ जाईल, पण आतला निखारा रात्रभर धुमसून पहाटे वर येईल. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाच्या पोटात कापसाच्या गाठी अशाच आत धुमसत होत्या. दुपारभर पाणी ओतूनही निखारा सापडला नाही आणि चारच्या पुढं शेजारच्या दारूगोळ्यानं गोदी उडवली. अग्निशामक दलाचे ६६ जवान त्यात गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. पेंढ्याच्या आगीला म्हणून उपाय एकच: आकड्यानं गंजी फोडायची, पसरायची आणि भरपूर पाणी. गंजी घरापासून, गोठ्यापासून लांब रचायची, हा त्याआधीचा.

डोंगरावरच्या वणव्याला तर नळकांड्याचा उपयोगच नाही. फेब्रुवारीपासून वाळलेलं गवत पेटतं आणि चढावर आग धावते. तिथं लोक ओल्या फांद्यांनी झोडपतात, वनखातं आधीच जाळरेषा काढून ठेवतं. पण प्रत्येक भातशेतकऱ्याच्या घरी एक वस्तू असते, सोळा लिटरचा पाठीवरचा फवारणीचा पंप. एका हातानं दांडा हलवून दाब करायचा, दुसऱ्या हातातल्या नोजलनं पाणी मारायचं. हे मॅन्बीच्याच भांड्याचं भावंड म्हणायला हवं, फक्त यात दाब साठवायचा नसतो, माणूस जागेवर तयार करतो. म्हणून तो उतरून जाण्याचा प्रश्न नाही आणि ओढ्यावर पुन्हा भरता येतो. जळून गेलेल्या काळ्या बाजूला उभं राहून, गवताच्या बुडाशी बारीक धार मारत गेलं तर दोन माणसं बराच पट्टा आटोक्यात आणतात. आगीच्या वरच्या अंगाला मात्र कधीही उभं राहायचं नाही. माझ्या मते रिह्याच्या शिवारातला पहिला अग्निशामक हा पंपच. त्याच्यावर एक पूर्ण प्रकरण लिहिलं आहे, जे अग्निशामकावरच्या पुस्तकात सहसा नसतं.

आणि मग ज्या आगीपुढं हे पुस्तक गप्प बसतं, तिच्याविषयी. ७ जून २०२१ ला याच तालुक्यात उरवड्यातल्या एका रसायन कारखान्यात आग लागली आणि १७ कामगार गेले, त्यात बहुतेक बाया. तिथं पाणी शुद्ध करण्यासाठी लागणाऱ्या क्लोरीन डायऑक्साइडचं काम चालत असे. अशी ऑक्सिडायझर रसायनं जळताना हवेवर अवलंबून राहत नाहीत, प्राणवायू त्यांच्यातच असतो. त्यांच्यावर कार्बन डायऑक्साइड सोडून हवा तोडण्यात काही हशील नाही, आणि आम्लधर्मी पावडर तर काही वेळा उलट भर घालते. लागतं ते भरपूर पाणी, आणि त्याहून आधी बाहेर पडायला दोन उघडी दारं. शेडमध्ये काय भरलंय हे मालकानं शेजाऱ्याला सांगितलं पाहिजे आणि भाडेकरूनं मालकाला. पॅकिंग करणाऱ्या बाईला तर सगळ्यांच्या आधी. ज्या शेडला एकच दार आहे तिच्या दाराशी टांगलेला अग्निशामक हा कागद पुरा करण्यासाठी आहे, असं मी समजतो.

कागदाचंही थोडं सांगायला हवं. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा, लागू झाला ६ डिसेंबर २००८ पासून. त्याच्या कक्षेतल्या इमारतींनी परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून जानेवारी आणि जुलै असं वर्षातून दोनदा नमुना ‘ब’ चं प्रमाणपत्र द्यायचं असतं. घरी, गोठ्याला, साध्या दुकानाला कोणी हे विचारायला येत नाही, म्हणजे तिथली जबाबदारी आपलीच. भरून आणताना नळकांडं आपल्यासमोर उघडायला सांगावं आणि जुनी पावडर चाळून परत भरत नाहीत ना ते पाहावं. भरण्याआधी आणि भरल्यावर वजन करावं. नवीन चिठ्ठी चिकटवली म्हणजे नवीन पावडर भरली असं होत नाही, हा अनुभव बाजारात नवा नाही. पावडरच्या नळकांड्याची पाण्याच्या दाबावरची चाचणी दर तीन वर्षांनी आणि एकूण आयुष्य दहा वर्षं धरावं. तळाशी गंज दिसला तर त्याआधीच ते मोडीत द्यावं.

अग्निशमन सप्ताहात शाळेच्या पटांगणात डिझेलची परात पेटवतात, एक प्रशिक्षक पुढं येतो, फसकन पावडर मारतो आणि आग विझते. मुलं टाळ्या वाजवतात. त्या सगळ्या गर्दीत नळकांडं हातात धरलेला माणूस एकच असतो, आणि त्याला ते आधीपासून येत असतं. पुढच्या वेळी त्यानं बाजूला उभं राहावं आणि ते मधल्या सुट्टीत खिचडी शिजवणाऱ्या मावशींच्या हातात द्यावं. पिन ओढायची, जाळाच्या टोकाकडे नाही तर बुडाकडे रोखायचं, मूठ दाबायची, झाडू मारल्यासारखं डावी-उजवीकडे फिरवायचं, पाठ दाराकडे ठेवायची. एका किलोचं नळकांडं आठ-दहा सेकंदांत संपतं, सहा किलोचं पंधराएक सेकंदांत. त्यात आग गेली नाही तर उभं राहायचं नाही, बाहेर पडायचं.

पुस्तकाची पहिली दोन प्रकरणं आगीविषयी आहेत, ती घाईत असलेल्यानं सोडली तरी चालतील. तिसऱ्यात सहा किलोच्या अग्निशामकाची उघडलेली आकृती भागाभागांनिशी दिली आहे. ते वाचताना घरातला किंवा दुकानातला अग्निशामक भिंतीवरून खाली काढून समोर ठेवावा, पिनेला हात न लावता. काढतानाच एक गोष्ट कळेल, दिवसभर घरी असणाऱ्या माणसाला, म्हणजे बहुधा आजीला किंवा सुनेला, तो उचलता येतो की नाही. येत नसेल तर दोन किलोचे दोन घ्यावेत, एक स्वयंपाकघराच्या दाराशी आणि एक गोठ्याच्या वाटेवर. त्यांचा हिशेब आणि टांगायची उंची चौथ्या प्रकरणात आहे.